दूध, दाणे, अंडे बंद केल्यावर: अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाची वाढ कशी राखावी

दूध बंद केले, अंगावरचे चट्टे गेले, घराने निःश्वास टाकला. आणि सहा महिन्यांनी लक्षात आले की गेल्या वर्षीचा गणवेश अजून अंगाला बरोबर बसतोय. अन्नाच्या ॲलर्जीत मुलाची वाढ अशीच गुपचूप अडते. त्याची कारणे दोन. ॲलर्जी आटोक्यात नसेल तर आतड्याला सूज राहते, खाल्लेले अंगी लागत नाही, शौचावाटे थोडे थोडे रक्त जाते, इसबाची खाज रात्री झोपू देत नाही, आणि पोट दुखण्याच्या धास्तीने मूल घासच नाकारते. दुसरे कारण जास्त सर्रास आढळते: ताटातून एक पदार्थ काढला जातो आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. हे दुसरे कारण पूर्णपणे घरच्यांच्या हातात आहे, म्हणून इथे बहुतेक मजकूर त्याच्यावर आहे.

आधी खात्री, मग पथ्य

कोणताही पदार्थ बंद करण्याआधी तो खरोखर दोषी आहे का ते ठरवा. ॲलर्जी दोन तऱ्हांनी दिसते. पहिली तत्काळ: खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी, खोकला, धाप. दुसरी उशिराची: काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी उलट्या, जुलाब, शौचात शेम-रक्त, चिघळणारे इसब, वजन न वाढणे. या दुसऱ्या तऱ्हेत रक्ताची व त्वचेची ॲलर्जीची तपासणी बऱ्याचदा कोरी येते, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून विषय संपत नाही. तान्ह्या बाळांत तिचा एक तीव्र प्रकार असतो: खाल्ल्यावर एक ते चार तासांनी सपाटून उलट्या होतात, बाळ पांढरे फटक आणि गळाल्यासारखे होते. याला दूध कारणीभूत असू शकते, तसा भातही. पेज ही आपल्याकडे सगळ्यात निरुपद्रवी समजली जाते, म्हणून तिच्यावर संशय उशिरा जातो. पेज दिल्यावर दोनदा असे झाले तर तिसऱ्यांदा घरी देऊन पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

ॲलर्जी नसलेल्या दोन गोष्टी तिच्या नावाखाली खपतात. जुलाबाच्या साथीनंतर काही दिवस दूध न पचणे ही दुधातल्या साखरेची अडचण, तिथे प्रथिनाचा संबंध नाही. आतडे भरून आले की दूध पुन्हा पचते. आणि गव्हाने पोट फुगणे, पातळ शौच, खुंटलेली उंची, औषध देऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन असे एकत्र असेल तर सिलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) तपासावा लागतो. त्यासाठीची रक्ताची टीटीजी तपासणी गहू चालू असतानाच करायची. आधी पोळी बंद करून मग रक्त दिले तर तपासणी फसवी येते, आणि खात्री करण्यासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालायची पाळी येते. ही चूक फार घरांत होते.

तपासण्यांबद्दल स्पष्ट सांगतो. त्वचेवर थेंब ठेवून टोचण्याची चाचणी किंवा रक्तातली आय-जी-ई तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराने तो पदार्थ ‘ओळखला’ एवढेच कळते. खाल्ल्यावर त्रास होतो का, ते तपासणी सांगत नाही. म्हणून साठ-सत्तर पदार्थांचे सरसकट पॅनेल करून त्यातल्या लाल रेघांनुसार पंधरा पदार्थ बंद करणे हा मुलाच्या वाढीवर सरळ आघात आहे. मूल जो पदार्थ बिनत्रास खाते, तो केवळ रिपोर्टसाठी बंद करू नका. अंगवळणी पडलेला पदार्थ दीर्घकाळ तोडल्यावर पुन्हा दिला तर खरी, तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. आय-जी-जी नावाच्या तपासणीवर तर पैसे घालूच नयेत; ती पदार्थ खाल्ल्याची नोंद दाखवते, ॲलर्जी दाखवत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या. रकाने चारच: काय खाल्ले (मसाला आणि तेलासकट), किती वाजता, काय झाले, किती वेळाने. सोबत पाकिटांवरच्या घटकांच्या यादीचे फोटो आणि चट्ट्यांचे फोटो. त्वचेची चाचणी ठरली असेल तर ॲलर्जीचे सिरप किती दिवस आधी थांबवायचे ते विचारून घ्या. साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात.

उशिराच्या तऱ्हेत डॉक्टर संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायला सांगतात आणि मग पुन्हा द्यायला सांगतात. दुसरी पायरी बहुतेक घरे गाळतात, कारण मूल बरे दिसत असते. ती गाळली तर पदार्थामुळे बरे वाटले की आपोआप, हे कधीच कळत नाही आणि पथ्य वर्षानुवर्षे चालते. तत्काळ तऱ्हेत मात्र पुन्हा देण्याची परीक्षा फक्त रुग्णालयातच.

दर महिन्याला तीन मापे

पथ्य सुरू केल्या दिवशी वजन, उंची आणि (पाच वर्षांखाली) दंडाचा घेर नोंदवा. एक वर्षापर्यंत दर महिन्याला, नंतर पथ्य चालू असेपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी.

वजन: तोच काटा, तीच वेळ, लंगोट किंवा एकच पातळ कपडा. दोन वर्षांखाली उंची आडवे झोपवून मोजतात: एकाने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळवे टेकवायचे. दोन वर्षांनंतर उभे राहून, अनवाणी, टाचा-कुल्ले-डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागलेला. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त येते. तेव्हा पद्धत बदलली त्या महिन्यात उंची ‘घटलेली’ दिसली तर घाबरू नका. मुलींच्या वेण्या आणि बो सोडूनच मापा.

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आणि पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. अंगणवाडीच्या माता-बाल संरक्षण कार्डात वजनाची रेघ असते, पण उंचीचीही रेघ डॉक्टरांकडून काढून घ्याच. ढोबळ अंदाज असा: जन्माचे वजन पाच महिन्यांत दुप्पट, वर्षात तिप्पट, एक ते पाच वर्षांत दरसाल दोन किलोच्या आसपास. लांबी जन्मतः ५०, वर्षाला ७५, दोन वर्षांना ८६-८७ सेंटीमीटर. चार वर्षांनंतर, वयात येईपर्यंत, वर्षाला ५ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ झाली तर तपासणी हवी. दंडाचा घेर सहा महिने ते पाच वर्षे या वयात १२.५ सेंटीमीटरखाली गेला तर कुपोषण, ११.५ खाली गेला तर तीव्र कुपोषण.

उष्मांक कमी पडले की आधी वजन थांबते, काही महिन्यांनी उंची, डोक्याचा घेर सगळ्यात शेवटी. मूल कोणत्या रेघेवर आहे त्यापेक्षा ते आपली रेघ सोडते आहे का, याकडे बघा. दोन-तीन महिने वजन जागच्या जागी राहिले तर पुढच्या लसीची वाट न बघता दाखवायला जा. दूध बंद करून वजन ठीक वाढते पण उंची मागे पडते, असेही होते. अशा वेळी प्रथिने, कॅल्शियम, जस्त आणि ड जीवनसत्त्व यांचा हिशेब तपासावा लागतो.

दूध: इथे चुकले तर जास्त भोवते

लहान मुलाच्या आहारात दुधाची जागा मोठी असते. दोन पेले, म्हणजे ४०० मिली गाईच्या दुधातून सुमारे २६० ते २८० किलोकॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने आणि ४८० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळते. एक ते तीन वर्षांच्या मुलाची भारतीय शिफारस दिवसाला सुमारे १,००० किलोकॅलरी, १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम. म्हणजे कॅल्शियमची जवळजवळ सगळी आणि ऊर्जेची पाव गरज त्या दोन पेल्यांत होती. चार ते सहा वर्षांत कॅल्शियमची शिफारस ५५० आणि सात ते नऊमध्ये ६५० मिलीग्रॅम होते.

गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्याला म्हशीचे, शेळीचे दूध देऊ नका. त्यांची प्रथिने इतकी सारखी आहेत की शेळीच्या दुधाने दहापैकी नऊ मुलांना तोच त्रास होतो. ‘ए-टू’ दूध, लॅक्टोज-मुक्त दूध, खूप उकळलेले दूध, दही, ताक यांतही प्रथिन असतेच. तुपात ते अगदी अल्प उरते, पण उरते. तीव्र ॲलर्जीत वरणभातावरचे तूपही बंद. हा मुद्दा आजी-आजोबांना आदराने, पण पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, कारण ‘तुपाने काय होतंय’ या वाक्यावर अनेक पथ्ये मोडतात.

एक वर्षाखालचे बाळ अंगावर पीत असेल तर अंगावरचे दूध चालू ठेवा. बाळाला आईच्या दुधातूनच त्रास होतो असे ठरले तरच आईने दूध-दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे सोडून पाहायचे. फरक पडला नाही तर आईने पुन्हा सुरू करायचे. आईचे पथ्य लांबले तर तिलाही कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची गोळी लागते. बाळंतिणीला दूधही नाही, डाळही नाही, भाजीही नाही अशा अवस्थेत नेऊ नका.

वरचे दूध लागत असेल तर डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली, म्हणजे एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड पावडर देतात. तीही सोसली नाही किंवा वाढ फारच खालावली असेल तर अमिनो ॲसिडची. सहा महिन्यांनंतर सोयाची पावडर काहींना चालते, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही बाधतो. या पावडरी महाग आहेत, म्हणून डबा पुरवण्यासाठी मोजमाप पातळ केले जाते. बाळ तेवढेच मिली पिते, पोट भरलेले दिसते आणि वजन मात्र थांबते. आधी मोजून पाणी, मग डब्यावर लिहिले तितके, सुरीने सपाट केलेले माप. यात काटकसर नको. डबा परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे बाकीचा आहार त्या हिशेबाने बसवता येईल. चव कडवट असते. चार महिन्यांआतली बाळे सहसा घेतात. मोठी तोंड फिरवतात. त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी मिसळून सवय लावावी लागते.

वर्षानंतर दुकानात मिळणारे बदामाचे, तांदळाचे, नारळाचे ‘दूध’ हे दुधाऐवजी देण्यासारखे नाही. बदामाच्या पेलाभर पेयात साधारण एक-दोन ग्रॅमच प्रथिने. सोया चालत असेल तर कॅल्शियम घातलेले, साखर नसलेले सोया पेय त्यातल्या त्यात जवळचे; १०० मिलीला सुमारे ३ ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलीग्रॅम कॅल्शियम पाकिटावर छापलेले हवे. खोका चांगला हलवा, कॅल्शियम तळाशी बसते. घरी वाटलेल्या सोया दुधात ते नसते.

आता घरातल्या जिन्नसांनी किती भागते ते पाहू. दोन वर्षांचे, बारा किलोचे, फक्त दुधाची ॲलर्जी असलेले मूल धरा. दिवसभरात कच्च्या वजनाने:

- नागली (नाचणी) ३० ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम
- तांदूळ ५० ग्रॅम, ज्वारी किंवा बाजरीचे पीठ ४० ग्रॅम
- मूग किंवा तूरडाळ ३० ग्रॅम
- अंडे १
- राजगिऱ्याची किंवा शेवग्याची कोवळी पाने २५ ग्रॅम, बटाटा ५० ग्रॅम
- केळे १
- दाण्याचे कूट १० ग्रॅम, भाजलेले तीळ २ चहाचे चमचे (चालत असतील तर)
- तेल ४ चहाचे चमचे

याची बेरीज सुमारे १,००० किलोकॅलरी होते. प्रथिने २५ ग्रॅमच्या पुढे, म्हणजे भरपूर. कॅल्शियम मात्र ३५०-३६० मिलीग्रॅमवर अडकते, आणि नागली व पालेभाजीतले सगळे शोषलेही जात नाही. तीळ वगळले तर आणखी ७५ गेले. म्हणून दूध बंद असलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला कॅल्शियमचे औषध लागते. ‘नागली देतोय, पुरेसे आहे’ हे अर्धे खरे आहे. मात्रा डॉक्टर ठरवतील. दिवसातून दोनदा विभागून, जेवणासोबत द्या, आणि लोहाच्या औषधाबरोबर एकाच वेळी देऊ नका, दोन्हींत निदान दोन तास ठेवा. ड जीवनसत्त्व वर्षाखाली दिवसाला ४०० आणि त्यानंतर ६०० एकक. अंडे-मांस न खाणाऱ्या घरात दूध गेले की बी-१२ चा शेवटचा स्रोतही जातो. ते औषधातूनच द्यावे लागते, कारण कोणत्याही डाळीत किंवा भाजीत ते भरवशाने मिळत नाही.

कॅल्शियम आणि ड कमी पडल्याची खूण म्हणजे मनगटे रुंद होणे, पाय धनुष्यासारखे वाकणे, दात उशिरा येणे, चालायला उशीर. यातले काही दिसले तर घरगुती उपायात दिवस घालवू नका.

नागलीचे सत्त्व असे करा. एक किलो नागली निवडून चार-पाच पाण्यांनी धुवा, बारा तास भिजवा, ओल्या सुती कापडात बांधून मोड येईपर्यंत २४ ते ३६ तास ठेवा. थंडीत जास्त वेळ लागतो. कापड दिवसातून दोनदा शिंपडा. आंबट वास किंवा बुरशी आली तर सगळे फेका. सावलीत कडक वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा, दळा. मोडांमुळे कॅल्शियम अडवून धरणारा घटक कमी होतो, आणि दुसरा मोठा फायदा म्हणजे मोडाचे पीठ शिजवताना कमी घट्ट होते, त्यामुळे वाटीभरात जास्त पीठ बसते. २० ग्रॅम (साधारण दोन मोठे चमचे) पीठ १५० मिली पाण्यात गुठळ्या न होता कालवून पाच-सात मिनिटे सतत ढवळत शिजवा. गूळ आणि उतरवताना एक चहाचा चमचा तेल घाला. चमचा तिरका केला की ओघळून न जाता गोळ्याने पडावे. वाहून गेले तर ते पोट भरणारे पाणी आहे. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावते, तिच्यात पाणी भरू नका. प्रत्येक वाटीत चमचाभर तेल म्हणजे ४५ किलोकॅलरी; तुपाची जागा त्यानेच भरते.

बाकीचे पदार्थ

अंड्याच्या बदली डाळ, उसळ, मासे किंवा मांस. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने, तेवढी २५-३० ग्रॅम कच्च्या डाळीत येतात. अंड्याच्या ॲलर्जीमुळे गोवर-रुबेलाची लस टाळू नका. ती सुरक्षित आहे.

गव्हाची ॲलर्जी नाशिककडे सांभाळणे त्या मानाने सोपे आहे: ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, मका, भगर, सगळे हाताशी. अडचण लपलेल्या गव्हाची. बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, तेव्हा फोडणीतला हिंगच दोषी ठरतो. गिरणीत आधीचा गहू दगडांत अडकलेला असतो. ज्वारी दळायला नेलीत तर तांदूळ किंवा ज्वारीनंतर आपला डबा लावायला सांगा, आणि पहिले किलोभर पीठ मोठ्यांसाठी बाजूला काढा. तीव्र ॲलर्जीत एवढ्याने भागत नाही, घरगुती चक्की लागते.

शेंगदाणा हा आपल्या स्वयंपाकात सगळीकडे आहे: साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, चटणी, चिवडा. लाकडी घाण्याच्या तेलात दाण्याचे प्रथिन उरते. ते बंद करून रिफाइंड सूर्यफूल किंवा करडईचे वापरा. उपवासाच्या दिवशी अख्ख्या घरात कूट उडते, तो दिवस जास्त जपायचा. तीळ गोडा आणि काळा मसाला दोन्हींत असतात; मुलाला तिळाची ॲलर्जी असेल तर मसाला घरीच तिळाशिवाय करा. संक्रांतीच्या आधी शाळेत आणि शेजारी सांगून ठेवा, तिळगूळ हातावर ठेवणारा कुणीही विचारत नाही.

हरभऱ्याची ॲलर्जी आपल्याकडे दिसते, तेव्हा बेसन शोधावे लागते: पिठले, भजी, कढी, शेव, फरसाण, मोतीचूर. एक डाळ बाधते म्हणून सगळ्या डाळी बंद करू नका, शाकाहारी मुलाची प्रथिनेच त्यात आहेत. मूग, तूर, मसूर एकेक करून डॉक्टरांसोबत ठरवा.

आपल्याकडचा पिवळा बेदाणा सोनेरी राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातले सल्फाइट दम्याच्या काही मुलांना खोकला-धाप आणते. ही अन्नाची खरी ॲलर्जी नव्हे, पण वहीत बेदाण्यापुढे खोकल्याची नोंद वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

ओटा, डबा, बाहेर

मिक्सरचे भांडे वेगळे ठेवा. पात्याखालच्या वॉशरमध्ये कूट अडकते आणि धुऊनही निघत नाही. पोळपाट-लाटणे, झारा आणि तळणीचे तेलही वेगळे; ज्या तेलात दाणे तळले त्यात नंतर तळलेला बटाटाही सुरक्षित नाही. आधी मुलाचे शिजवा, नंतर बाकीच्यांचे. हात साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने दाण्याचे प्रथिन जात नाही.

पाकिटावर भारतीय नियमांनुसार दूध, अंडे, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणा व सुकामेवा, सोया, ग्लूटेन असलेली धान्ये आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा इशारा वेगळा छापावा लागतो. तीळ आणि हरभरा त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पूर्ण घटक-यादी वाचावी लागते. केसीन, केसिनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूधच. दर खरेदीला वाचा, घटक बदलतात. सुट्या मालावर कसलाच इशारा नसतो.

रविवारच्या मिसळीत ॲलर्जीच्या दृष्टीने जवळपास सगळे एकत्र येते: फरसाणात दाणे आणि बेसन, कटात तीळ-खोबऱ्याचा मसाला, गव्हाचा पाव, वर दही. अशा मुलासाठी घरून मटकीची उसळ आणि भाकरी नेलेली बरी. देवळात पंचामृत आणि पेढे हातावर येतात. मुलाला ‘आईला विचारून’ म्हणायला तीन वर्षांपासून शिकवता येते, खडीसाखर किंवा केळे पिशवीत ठेवा.

अंगणवाडीसेविकेला तोंडी सांगू नका, कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या. घरपोच आहाराच्या पाकिटावरचे घटक दर वेळी वाचा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरसारख्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात. अंडे चालत नसेल तर केळी घ्या, पण केळ्यात अंड्याची प्रथिने नाहीत, म्हणून त्या दिवशी घरी डाळ वाढवा. सगळ्यात महत्त्वाचे: तीव्र कुपोषणावरचे तयार उपचारात्मक अन्न शेंगदाण्याची पेस्ट आणि दूध पावडर यांचे असते, आणि पोषण पुनर्वसन केंद्रातली एफ-७५, एफ-१०० ही उपचाराची पेयेही दुधाचीच. मूल भरती होताना ॲलर्जी पहिल्या वाक्यात सांगा.

तीव्र प्रतिक्रिया आली तर

खाल्ल्यावर आवाज बसणे, सतत खोकला, घरघर, जीभ सुजणे, मूल अचानक गळून पडणे किंवा पांढरे पडणे. किंवा गांधींसोबत उलट्या किंवा धाप. यावर औषध एकच, ॲड्रिनॅलिन, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूने स्नायूत. ॲलर्जीचे सिरप खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. ते पाजून वाट बघणे ही जीवघेणी चूक.

स्वयंचलित इंजेक्शन सगळ्या औषध दुकानांत सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर ॲम्प्यूल आणि १ मिलीची सिरिंज देऊन भरायला शिकवतात. १ मिलीत १ मिलीग्रॅम असलेल्या औषधाची मात्रा किलोला ०.०१ मिली: दहा किलोला ०.१, पंधरा किलोला ०.१५ मिली, मुलांत एका वेळी कमाल ०.३. हा आकडा डॉक्टरांनी तुमच्या मुलासाठी कागदावर लिहून द्यायला हवा आणि वजन वाढले की बदलायला हवा. टोचल्याबरोबर १०८ ला फोन करा. मुलाला आडवे ठेवा, पाय उंच. धाप असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर. उभे करू नका, चालवू नका. ५ ते १५ मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरी मात्रा. म्हणून घाटापलीकडे राहणाऱ्यांनी दोन ॲम्प्यूल ठेवावेत. बरे वाटले तरी रुग्णालयात न्या, काही तासांनी लक्षणे परत येऊ शकतात. औषध उजेडापासून दूर, खोलीच्या तापमानाला; एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीत नको, फ्रिजमध्येही नको. रंग तपकिरी झाला तर टाकून द्या. एक संच शाळेत, एक दप्तराबरोबर, आणि व्हॅनवाल्या काकांना संच कुठे आहे ते माहीत हवे.

पथ्य कधी उठवायचे

दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची जाते. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासायला न्या. अनेक मुलांना भट्टीत भाजलेल्या बिस्किट-केकमधले दूध किंवा अंडे साध्यापेक्षा आधी चालू लागते, आणि डॉक्टर त्या क्रमाने एकेक पायरी चढवतात. घरी स्वतःहून पहिली पायरी घेऊ नका. पथ्य उठले की पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा पोटात जायला हवा, नुसता ‘चालतो’ म्हणून कपाटात ठेवायचा नाही.

घरात दुसरे बाळ असेल तर त्याला मोठ्याच्या पथ्यावर ठेवू नका. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, तेव्हा पाच वर्षांच्या वयात दाण्याची ॲलर्जी फार कमी मुलांत आढळली. सहा महिन्यांनंतर, वरचे अन्न सुरू झाल्यावर, बाळ बरे असताना, दिवसा: अर्धा चहाचा चमचा अगदी बारीक भाजलेले कूट दोन-तीन चमचे कोमट पाण्यात पातळ करा, चमच्याच्या टोकावर चाटवा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, मग उरलेले हळूहळू द्या आणि दोन तास लक्ष ठेवा. सोसले तर आठवड्यातून तीनदा. बाळाला तीव्र इसब किंवा आधीच अंड्याची ॲलर्जी असेल, तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच. मोठ्या भावंडाला दाणे चालत नसतील तर बाळाला देताना ते दुसऱ्या खोलीत असावे, आणि बाळाचे तोंड-हात लगेच साबणाने धुवावेत. अख्खा दाणा पाच वर्षांखाली कुणालाच नको, तो घशात अडकतो.